जवणाची उत्तम साय

“माझ्या हाटेलात साय कवा मिळत व्हती रं, मुडद्यांनो?”

हौसाआक्का हायवे ओलांडता ओलांडताच ओरडत होती. शिक्रापूरचा हायवे तो. तिथं माणूस ओलांडायला उभा राहिला तर पलीकडं पोचेपर्यंत त्याच्या मिशीला पांढरे केस येतात. पण आक्काच्या आवाजानं त्या दुपारी ट्रक जागच्या जागी थिजले, रांग पार कोरेगाव भीमापर्यंत गेली म्हणतात, आणि आक्का हातात झारा घेऊन, वांग्याच्या वाफ्यातनं चालावं तशी कंटेनरांमधून चालत तुझ्यामाझ्या बोर्डाच्या दुकानात शिरली. मी फ्लेक्सच्या मशीनमागं दडलो. तू मात्र, केरबा, स्टुलावर बसून चहा फुंकत होतास. म्हणालास, “बसा आक्का. बोर्ड जवळनं वाचला का?”

बोर्ड आपलाच होता. तिच्या खानावळीच्या कपाळावर नुकताच चढवलेला, ‘जेवणाची उत्तम सोय आहे’. तुझं नवं अक्षर, आपण दोघांनी डोळे फोडून तयार केलेलं, पहिल्यांदाच उघड्यावर आलं होतं. काय ते अक्षर! उभी रेघ अशी जाड, की तिच्या सावलीला दोन म्हशी बसाव्यात. आणि डोक्यावरची मात्रा, ‘ब’च्या पोटातली तिरकी काडी, हे सगळं इतकं बारीक, की मुंगीला त्यावरून जायचं तर एका पायावर लंगडी घालत जावं लागेल. जवळून बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकायचा. रस्त्यापलीकडून बघणाऱ्याला मात्रा दिसायचीच नाही. कंपनीतून सुटलेल्या पोरांनी जे दिसलं ते वाचलं, ‘जवणाची उत्तम साय आह’. शेवटचा तो ‘आह’ तर साय खाऊन झाल्यावर तोंडातून निघावा तसा.

पोरं आत यायची आणि आमटी-भाकरीकडं ढुंकून न बघता साय मागायची. एका ड्रायव्हरनं म्हणे टेबलावर मूठ आपटून सांगितलं, बोर्डावर लिहिता आणि ताटात देत नाही, ही फसवणूक हाय. आक्काचं म्हणणं एवढंच होतं, की एकतर बोर्डावर मात्रा आणा, नाहीतर माझ्या हाटेलात साय आणा.

मी मशीनमागून ओरडलो, उद्याच्या उद्या जाड मात्रा छापून देतो. तू मला हातानं गप्प केलंस आणि आक्काला म्हणालास, “साय ठेवा.”

तिनं ठेवली. पुढचं सगळ्या रस्त्याला माहीत आहे. चपाती, त्यावर दाट साय, वर साखर. आता तिच्याकडं साय खायला नगरवरून गाड्या येतात. आसपासच्या म्हशींना इतका भाव आला, की त्या पाण्यावर जाताना हॉर्न दिल्याशिवाय बाजूला होत नाहीत. आक्कानं तो बोर्ड आजवर उतरवू दिलेला नाही. परवा मी म्हटलं, आक्का, रंग उडालाय, बदलूया. तर म्हणाली, “मात्रा घालशील तर हात मोडीन.”

हे मी तुलाच का सांगतोय? तू तर तिथंच होतास. पण तू गेल्यापासून हे कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि मी सांगायला लागलो की लोक म्हणतात, दत्तू, लई फुगवतोस. तू असं कधी म्हणाला नाहीस. मी कोरेगाव भीमापर्यंत रांग नेली, तर तू ती पुढं वाघोलीपर्यंत न्यायचास.

त्या अक्षराचं नाव आपण ‘मेंढी’ ठेवलं, तेही लोकांना खरं वाटत नाही. न्हावऱ्याच्या रस्त्याला आपण तुझ्या मोटरसायकलवर होतो आणि पुढं मेंढरांचा कळप आडवा आला. मी वैतागलो. तू गाडी बंद करून खाली उतरलास. तुझ्या आज्याची सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. तू मात्र दोन एकर ऊस आणि हातात ब्रश घेऊन बसलेला, त्यामुळं मला वाटलं तुला घराणं आठवलं. तसं काही नव्हतं. तू एका लोकरीनं गच्च भरलेल्या मेंढीकडं बोट दाखवून म्हणालास, “आंग बघ आन् पाय बघ. येवढं गाठोडं चार काड्यांवर चाललंय, तरी पडत न्हाई. दत्त्या, अक्षर आसं पायजे.”

मेंढपाळ म्हणाला, घ्यायची का? तू म्हणालास, घेतली.

मग आपण ती मेंढी एकेक अक्षर करून पाळली. तू जुन्या फ्लेक्सच्या कोऱ्या पाठीवर चपट्या ब्रशनं उभी रेघ ओढायचास आणि खारीच्या केसांच्या ब्रशनं मात्रा. मात्रा ओढताना तू श्वास धरायचास, मी श्वास धरायचो, दुकानातला पंखासुद्धा मला वाटतं थोडा थांबायचा. मग मी मोबाइलनं फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि माउसनं कडेकडेनं गिरवत बसायचं. गिरवताना माझा हात चोरून त्या बारीक रेघेला थोडं मांस लावायचा. तू मागून बघायचास आणि म्हणायचास, “पाय सुजले मेंढीचे. उतरव.”

आपलं भांडण ते एवढंच. मी धंदेवाला माणूस. मला माहीत होतं की काळ्यावर पांढरं छापलं तर शाई दोन्हीकडून सरकते आणि तुझी केसासारखी रेघ गिळून टाकते. उन्हात फ्लेक्स तापला की आधी बारीक रेघ उडते, जाड मागं राहते. मी म्हणायचो, लांबून दिसत नाही. तू म्हणायचास, मोठं छाप. मी म्हणायचो, किती मोठं? तू म्हणायचास, मेंढीयेवढं. आणि तरीही दिसलं नाही तर तुझं ठरलेलं उत्तर होतं, “न्हाई दिसत तर जवळ यावं की माणसानं. अक्षर काय त्याच्या घरी जाणार हाय?”

तुझी मेंढी कुठं कुठं चरली, केरबा. पेढ्याच्या खोक्यावर ती गोड दिसली. बैलगाडा शर्यतीच्या बॅनरवर ती अशी उभी राहिली, की बैलांनी पळायच्या आधी तिच्याकडं बघून माना खाली घातल्या. उसाच्या ट्रॉलीमागं आपण ‘पुन्हा भेटू’ लिहिलं, ते मागच्या गाड्यांना ‘पुन्हा भटू’ दिसलं. शिरूर-दौंड जीपवर ‘दौंड’चं ‘दांड’ झालं आणि जीपवाला आठवडाभर आपल्या दुकानावरून जाताना काच खाली करून शिव्या देत गेला. तू त्याला हात दाखवायचास. तुला वाटायचं, कुणीतरी अक्षर वाचतंय.

एकच अक्षर तू काढलं नाहीस. द ला ध जोडलेला, ‘द्ध’. तू म्हणायचास, दोन पैलवान एका लुंगीत कसे घालायचे ते अजून सुचलेलं नाही, सुचलं की काढतो. त्यापायी आपल्याकडं एकही ‘शुद्ध शाकाहारी’ गिऱ्हाईक टिकलं नाही. सगळी मटणवाली आपली. ‘सुप्रसिद्ध’ लिहून हवं असेल तर मी लोकांना ‘नामांकित’ किती भारदस्त आहे ते पटवत बसायचो. मी मागं लागलो की तू हसायचास. “द्ध लागतो कुठं? युद्धाला, श्राद्धाला. कशाला घाई?”

आणि मग सोपानतात्या. तुझा एकच माणूस तुटला, तो ह्या मात्रेपायी. कासुर्डीचे तात्या सोसायटीच्या निवडणुकीत निवडून आले आणि त्यांनी अभिनंदनाचा बोर्ड तुझ्या अक्षरात हवा म्हणून हौसेनं स्वतः येऊन सांगितलं. तुझ्या घरी जेवलेले, तुझ्या विहिरीत पोहलेले तात्या. बोर्ड चढला, हायवेवरून वाचला गेला, ‘सापानतात्या’. विरोधी पार्टीला आणखी काय पाहिजे? नागपंचमीला तात्यांच्या दारात दुधाची वाटी ठेवलेली निघाली. तात्यांच्या मिसेसनी ती मांजराला पाजली, तर मांजरसुद्धा म्हणे हसत होतं.

तात्या यवतजवळच्या तुझ्या वस्तीवर आले ते बांधावरच थांबले. म्हणाले, ह्यापुढं तुझ्या दारात पाय ठेवला तर नावाचा सोपान नाही. तू तेव्हा गप्प बसायचं होतंस. पण तू म्हणालास, “मंग सरपटत या, तात्या.”

झालं. नंतर कितीदा तुझ्या मागं बसून कासुर्डीवरून गेलो, तिथं तुझी गाडी आपोआप हळू व्हायची. मी विचारायचो, थांबायचं का? तू म्हणायचास, पेट्रोल वाचवतोय. पुढं यवतपर्यंत तू मग बोलायचा नाहीस, आणि तू न बोलणं म्हणजे ऊसतोड चालू असताना मुकादमानं न ओरडणं. त्याविषयी आपण कधी बोललो नाही. तुला काय वाटत होतं ते गाडीच्या वेगावरून मला कळत होतं, एवढंच.

मलाही तुला एक सांगायचं राहिलं. माझ्या मनीषाच्या लग्नाची पत्रिका. वरती तू ‘शुभविवाह’ काढलास आणि मी फक्त “बरं झालंय” म्हणालो. तू “मंग” म्हणालास आणि चहा सांगितलास. पत्रिका छापून आली तेव्हा मी ती डोळ्यांजवळ धरली. कुठंही काही विरलं नव्हतं, सगळ्या बारीक रेघा जागेवर होत्या, सुईत दोरा ओवावा तशा. मी ती घरात ज्याच्या त्याच्या नाकाला लावत फिरलो, जवळून बघा, जवळून बघा म्हणत. व्याही म्हणाले, पावण्याला चष्मा लागलाय वाटतं. हे मी तुला सांगितलं असतं तर तू वर्षभर मला मशीनला हात लावू दिला नसतास, म्हणून नाही सांगितलं. आता सांगतो. बरं झालं नव्हतं, केरबा. लई भारी झालं होतं.

शेवटचं बोलणंही तेच. फोनवर. तू दवाखान्यातून घरी आला होतास, आवाज बारीक झालेला, तुझ्या मात्रेसारखा. मी तुला बरं वाटावं म्हणून मुद्दाम भांडण काढलं. म्हटलं, थोडीशी तर जाड करू दे, दळणाच्या गिरणीचा बोर्ड आहे, ‘दळण’ला मात्रा नाही पण ‘येथे’ला दोन आहेत. मग म्हणालास, “मी मेल्यावर कर जाड.”

मी हसलो. तूही हसलास. खोकलास जास्त.

आणि मग तू गेलास, आणि सुमनवहिनींनी मला बोलावलं. यवतच्या चौकात तुझा बोर्ड लावायचा होता. वहिनींच्या मागण्या दोनच. “त्यांच्याच अक्षरात करा भावजी, दुसरं न्हाई चालायचं. आन् येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता आलं पायजे.” मी मान हलवली. घराबाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की ज्या दोन गोष्टी आपल्याला इतकी वर्षं एकत्र जमल्या नाहीत, त्या ह्या बाईनं एका दमात मागितल्या आहेत, आणि तू स्टुलावर नाहीस.

दुकानात बसलो. ‘भावपूर्ण’ लिहिलं, ‘श्र’ लिहिलं, आणि थांबलो. द्ध नाही! केरबा, लेका, तू श्रद्धांजलीची वाटच बंद करून गेलास. तुझ्याच अक्षरात तुला श्रद्धांजली वाहता येत नाही अशी सोय तू करून ठेवलीस, आणि मला खात्री आहे, तुला हे सुचलं असणार.

मग मी खूप शब्द खोडले आणि शेवटी जे रोज सकाळी दुकान उघडताना तोंडात येत होतं तेच लिहिलं, ‘केरबा गेलास’. खाली बारीक अक्षरांत तेराव्याचा वार आणि वस्तीचा पत्ता. वर फोटो. फोटो कुठला, तर तुझा धड आलेला एकच आहे, मनीषाच्या लग्नातला, डोक्याला गुलाबी फेटा आणि बत्तीस दात बाहेर.

आता मात्रा. तू परवानगी दिलेली होती. मी मेल्यावर कर जाड, हे तुझे शब्द. मी ‘के’ची मात्रा धरली आणि फुगवली. लांब जाऊन बघितलं. दिसत होती, लख्ख, दाराला टेकू लावल्यासारखी. वाचता येत होतं. आणि ते तुझं नव्हतं. कुणीतरी दुसराच केरबा गेला होता, त्याच्याशी माझी ओळख नव्हती. लाइट गेली, आली, तरी मी तसाच बसून. मग तुझा जुना उपाय केला. मात्रा उतरवून होती तशी बारीक केली आणि बोर्ड मोठा केला. मोठा म्हणजे किती? छापताना मशीनला दम लागला, मध्ये पाणी पाजावं लागलं. खाली लावला असता तर यवतमधली निम्मी दुकानं झाकली असती, म्हणून पोरांनी तो वर, पार वर चढवला.

तिथंच घोटाळा झाला. अक्षर मोठं झालं खरं, पण जवळ कुणी येणार कसं? पाखरांनी वाचलं असेल. खाली माणसांना उन्हात तुझा हसरा फोटो, गुलाबी फेटा, आणि खाली म्हशीएवढ्या अक्षरांत, ‘करवा गलास’.

मात्रा गेल्या, ‘ब’ची काडीही गेली. पहिल्याच दिवशी मला कुणीतरी विचारलं, केरबानं भांड्यांचं दुकान काढलं काय? एका बिहारी पेंटरनं फोन केला, भैया, गलास कितने में करवा रहे हो? मी फोन ठेवला आणि पोट धरून हसलो, आणि हसता हसता भलतंच झालं, आणि मशीनवरच्या पोरानं पंखा वाढवला.

पण वहिनी तर तो बोर्ड बघणार होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता आलं पाहिजे म्हणाल्या होत्या. मी रोज ठरवायचो की वस्तीवर जाऊन सांगतो, आणि रोज गाडी कासुर्डीला हळू व्हायची.

तेराव्याला गेलो. हौसाआक्का शिक्रापूरहून टेम्पोत पातेली घालून आली होती, ओरडत होती, कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं. पंगती बसायला लागल्या होत्या. वहिनी तुझ्या फोटोशेजारी बसलेल्या. मी त्यांच्यासमोर जाऊन बोर्डाचं सांगायला तोंड उघडतच होतो, तेवढ्यात बांधावर एक माणूस दिसला. डोळ्याला काळा चष्मा, अंगात कडक इस्त्री, एका हातात झेंडूचा दांडगा हार, दुसऱ्या हातात नारळ. माणूस बांधावर थांबला. तिथंच, जिथं मागं थांबला होता. मग पाय उचलला आणि आत आला.

सोपानतात्या. मोतीबिंदू काढायला लेकीकडं, कोरेगाव भीमाला जाऊन राहिले होते. कुणी काही कळवलं नव्हतं. त्या सकाळी एसटीनं कासुर्डीला यायचे ते पट्टी उतरल्याच्या आनंदात झोपून पुढं यवतला गेले, आणि खिडकीतून त्यांना तू दिसलास. फेटा बांधलेला, हसणारा. तिथंच उतरले, हार घेतला, नारळ घेतला, आणि भांडण राहिलं यवतच्या स्टँडवर.

सगळ्या पंगतीचे घास थांबले. तात्यांना नव्या डोळ्यानं एवढी माणसं दिसली, आक्काची पातेली दिसली, त्यांचा चेहरा आणखीच फुलला. ते मोठ्यानं म्हणाले, “आरं केरबा, दुकान काढलं आन् मला सांगितलं न्हाईस व्हय? कुठंय त्यो? म्हणावं, पाय ठेवलाय बघ दारात.”

आक्कानं हातातला झारा खाली ठेवला. माझी तर मान वर होईना. तात्यांनी चष्मा काढला, बारीक डोळे करून वहिनींकडं बघितलं, मग त्यांच्या शेजारच्या फोटोकडं. जवळ आले. आणखी जवळ आले.

वहिनी उठल्या आणि त्यांच्यापुढं हात केला.

“हार द्या हिकडं, तात्या. बसा. जेवणाची सोय हाय.”